तंबोरा असा का गुंजतो? जवारी, धागा आणि स्वयंभू गंधाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाणं शिकणाऱ्यांकडून, त्यांच्या पालकांकडून आणि विज्ञानाची आवड असलेल्या श्रोत्यांकडून तंबोऱ्याबद्दल जे प्रश्न हमखास येतात, ते इथे एकत्र केले आहेत. गणित लागेल तेवढंच घेतलं आहे. शक्य असेल तर वाचताना शेजारी एक लावलेला तंबोरा असू द्या.

तारा चारच असतात, मग एवढे स्वर कुठून ऐकू येतात?

ताणलेली तार एकाच तऱ्हेने हलत नाही. ती पूर्ण लांबीत झुलत असते आणि त्याच वेळी दोन भागांत, तीन भागांत, चार भागांत, त्याहून बारीक भागांतही थरथरत असते. तंबोऱ्याची पहिली तार बहुधा पंचमाला, मधल्या दोन (जोडी) षड्जाला आणि शेवटची त्याखालच्या षड्जाला, म्हणजे खर्जाला लागते. काळी एकच्या, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरणाऱ्या गायकाचा तंबोरा घ्या. खर्जाची तार साधारण ६९.३ हर्ट्झला लागते. त्या एका तारेत १३८.६, २०७.९, २७७.२, ३४६.५ अशी पटीतली आंदोलनं एकाच वेळी चालू असतात. या पटींना आपण उपस्वर म्हणू.

सुरांच्या भाषेत सांगायचं तर दुसरा उपस्वर म्हणजे जोडीचा षड्ज, तिसरा त्यावरचा पंचम, चौथा तार षड्ज आणि पाचवा तार सप्तकातला गंधार. सहावा पुन्हा पंचम. सातवा कोमल निषादाच्या जवळचा, पण हार्मोनियमवरच्या कोमल निषादापेक्षा चांगलाच उतरलेला. आठवा षड्ज, नववा रिषभ. हे सगळे एका खर्जाच्या तारेतून येतात. पंचमाच्या तारेचा तिसरा उपस्वर रिषभ असतो आणि पाचवा शुद्ध निषाद, म्हणजे त्या तारेनेही आपली भर घातली.

हे तर गिटारच्या तारेतही होतं. मग तंबोरा वेगळा का वाटतो?

होतं, अगदी बरोबर. पण गिटारची तार अरुंद कडेवर टेकते. तिथे तिची लांबी पक्की ठरते आणि छेडल्यानंतर वरचे उपस्वर भराभर विझतात. थोड्या वेळाने उरतो तो मूळ सूर आणि त्याचे एकदोन सोबती.

तंबोऱ्यात उलट घडतं. छेडल्याच्या क्षणी आवाज मऊ असतो आणि त्यानंतर तो उमलत जातो. वरचे उपस्वर छेडल्यानंतर वाढतात, एकामागून एक पुढे येतात आणि बराच वेळ टिकतात. मोबाइलवर स्पेक्ट्रोग्राम दाखवणारं एखादं मोफत अ‍ॅप उघडा आणि खर्जाची तार एकटीच छेडा. पडद्यावर उपस्वरांच्या आडव्या रेघा दिसतील. त्यांतला सर्वांत ठळक पट्टा वरून सुरू होऊन हळूहळू खालच्या रेघांकडे सरकताना दिसेल. कानाला जाणवणारी तंबोऱ्याची ती लाट म्हणजे हा सरकता पट्टा.

हे सगळं घडतं घोडीवर, जवारीत.

जवारी म्हणजे नक्की काय?

तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, ज्या घोडीवरून तारा जातात, तिचा वरचा पृष्ठभाग तारेच्या दिशेने दोन-तीन सेंटिमीटर रुंद असतो आणि तो सपाट नसतो. त्याला दांडीच्या बाजूला अगदी हलका उतार असतो, इतका हलका की पट्टी आडवी धरून उजेडाकडे पाहिल्याशिवाय दिसत नाही. हा घडवलेला उतार, त्यावरचा तारेचा स्पर्श आणि त्यातून निघणारा आवाज, या तिन्हींना आपल्याकडे जवारीच म्हणतात. ‘जवारी चांगली आहे’ असं कुणी म्हणालं, तर त्यात हे तिन्ही आलं.

तार खाली येते तेव्हा त्या उतारावर थोडी पसरते आणि वर जाते तेव्हा उचलली जाते. म्हणजे प्रत्येक आंदोलनात तारेची मोकळी लांबी कणभर कमी-जास्त होते. खर्जाच्या तारेत हे सेकंदाला ६९ वेळा घडतं. तारेचा मोठा, संथ झोका या स्पर्शात मोडतो आणि त्याची ऊर्जा बारीक, जलद थरथरीत जाते. खालच्या सुराची शिल्लक अशी सतत वरच्या उपस्वरांना पुरवली जाते, म्हणून ते विझत नाहीत. ऊर्जा नव्याने कुठूनच येत नाही. बोटाने दिली तेवढीच असते, तिची वाटणी बदलते.

गिटारची तार पडद्याला लागून खरखरते, तेव्हाही तार कशाला तरी आपटतच असते. पण तिथे टणक कडेवर तुटक ठोका बसतो. जवारीवर स्पर्श सरकत, पसरत होतो आणि दर फेरीला जवळपास तसाच होतो. म्हणून एकातून खरखर निघते आणि दुसऱ्यातून सूर.

एवढासा सुती धागा काय करतो?

माझ्या मते तंबोऱ्यातली सर्वांत महत्त्वाची वस्तू तीच आहे.

धागा तार आणि जवारी यांच्यामध्ये बसतो आणि तारेला केसभर वर उचलतो. आता तारेचं खरं टोक धाग्यावर असतं. धाग्याच्या पुढे, दांडीच्या दिशेने, जवारीचा पृष्ठभाग तारेच्या अगदी लगत पण किंचित खाली राहतो. तार झुलली की तिथे लागते, सुटते, पुन्हा लागते. हे अंतर किती असावं, ते धाग्याची जागा ठरवते.

जवारी लावताना हे हाताला कळतं. आधी तार सुरात आणायची. मग धागा मागे, तारा बांधलेल्या टोकाकडे ठेवायचा. अशा वेळी तारेचा बराच भाग जवारीवर लोळतो आणि आवाज गच्च, दाबलेला येतो. आता डाव्या हाताने धाग्याची दोन्ही टोकं धरून तो पुढे ओढत न्यायचा आणि उजव्या हाताने तीच तार सारखी छेडत राहायची. आधी थोडी करकर येते. मग केसभर पुढे गेल्यावर तार एकदम उघडते आणि आवाज खोलीभर पसरतो. अजून थोडं पुढे नेलं, की तार जवारीपासून पूर्ण सुटते आणि आवाज स्वच्छ पण कोरडा होतो. मधली ती जागा मिलिमीटरच्या अंशाएवढी असते. चारही तारांची जाडी आणि ताण वेगळा, म्हणून चारही धाग्यांच्या जागा एका रेषेत येत नाहीत. त्या एका रेषेत आणायच्या भानगडीत पडू नका.

सूर बदलला की हेही बदलतं. पंचमाची तार मध्यमाला उतरवली, तर तिचा धागा पुन्हा पाहावा लागतो. तारेत ओवलेल्या मण्याने सूर बारीक मिळवतानासुद्धा कधी कधी धागा किंचित हलवावा लागतो.

मग सतारीला धागा का नसतो?

सतारीचीही घोडी रुंद आणि जवारीचीच असते, पण तिथे सगळं काम उतारावर सोपवलेलं असतं. सतारीची तार पडद्यावर दाबली जाते, मींडेत बाजूला ओढली जाते, तिची लांबी आणि ताण सतत बदलतो. तंबोऱ्याची तार कायम मोकळीच वाजते. एकच लांबी, एकच ताण. म्हणून तिथे धाग्याची इतकी नेमकी जागा शोधणं परवडतं.

सी. व्ही. रामन यांचा तंबोऱ्याशी काय संबंध?

जवळचा संबंध आहे आणि तो नोबेलच्या आधीचा आहे. रामन तेव्हा कोलकात्यात होते. प्रकाशाच्या विकिरणावरच्या ज्या कामासाठी त्यांना १९३० साली नोबेल मिळालं, त्याच्या आधीची बरीच वर्षं ते तारा, व्हायोलिन आणि तालवाद्यं यांच्या ध्वनिशास्त्रात रमले होते. १९२१ साली त्यांनी तंबोरा आणि वीणा यांच्यावर एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला.

त्यातला मुद्दा समजायला एक जुना नियम लागतो. इंग्लंडचे टॉमस यंग आणि जर्मनीचे हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने तो ओळखला जातो. तार जिथे छेडाल, तिथे ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू असेल, म्हणजे जिथे तो उपस्वर मुळीच हलत नाही, तो उपस्वर त्या आवाजात येणार नाही. गिटारची तार बरोबर मध्यावर छेडून पाहा. दुसरा, चौथा, सहावा असे सम उपस्वर गळतात आणि आवाज पोकळ लागतो.

रामन यांनी दाखवलं की तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत. एखाद्या उपस्वराच्या निस्पंद बिंदूवरच तार छेडली, तरी तो उपस्वर ठणठणीत ऐकू येतो. याचं श्रेय त्यांनी घोडीच्या घडणीला दिलं. यंग-हेल्महोल्ट्झ नियम चुकीचा नाही. तो दोन्ही टोकांना पक्क्या बांधलेल्या तारेसाठी आहे, आणि तंबोऱ्याच्या तारेचं एक टोक दर आंदोलनाला जागा बदलतं. छेडताना जो उपस्वर जन्मालाच आला नव्हता, तो जवारी नंतर तयार करते.

शंभर वर्षांपूर्वी संगणकाविना, कानाने आणि साध्या उपकरणांनी हे टिपलं गेलं याचं मला फार अप्रूप वाटतं. पुढे १९८२ साली बरिज, कॅप्रॅफ आणि मोर्शेदी या गणितज्ञांनी सतारीच्या तारेचं गणित मांडलं. एका बाजूने अडथळा असलेली तार, अशीच त्यांची मांडणी होती. रामन यांनी कानाने हेरलेली जागा हीच.

आवाज भोपळ्यातून येतो ना?

बाहेर पडतो तबली आणि भोपळ्यातून, पण तयार होतो तो जवारीवर. नुसत्या तारेला हवा ढकलता येत नाही, ती फारच बारीक आहे. घोडी तिची थरथर तबलीला देते, तबली आणि भोपळा मिळून हवा हलवतात. कुठले उपस्वर जास्त फुलतील यावर लाकडाचा आणि भोपळ्याच्या आकाराचा परिणाम नक्की होतो. पण उत्तम भोपळा आणि बिघडलेली जवारी असेल तर तंबोरा मुका राहतो. साधा भोपळा आणि नेमकी जवारी असेल तर तो बोलतो. तंबोरा घ्यायला गेल्यावर लोक भोपळ्यावर टकटक करून बघतात. त्यापेक्षा घोडी जवळून बघा.

स्वयंभू गंधार खरा आहे की भास?

खरा आहे, आणि मोजता येतो. वर सांगितलेला खर्जाचा पाचवा उपस्वर तो हाच. त्या तारेवर कुणीही गंधार लावलेला नसतो, म्हणून तो स्वयंभू. सुरुवातीला ऐकू येत नसेल, तर तो सूर आधी हलक्या आवाजात गुणगुणा आणि मग खर्ज छेडून शांत बसा. कुठे ऐकायचं हे कानाला कळलं की तो सापडतो आणि मग हरवत नाही.

हा गंधार षड्जाशी ५:४ या प्रमाणात असतो. हार्मोनियमचा गंधार सप्तकाचे बारा सारखे भाग करून काढलेला असतो, आणि तो यापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (सप्तकाचे १२०० सेंट). काळी एकमध्ये तंबोऱ्याचा गंधार ३४६.५ हर्ट्झ येतो, हार्मोनियमचा ३४९.२. दोन्ही एकदम वाजले, तर सेकंदाला अडीच-तीन वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो. हे डोलणं एकदा पकडलं, की हार्मोनियमच्या गंधाराबद्दल गवई इतके हळवे का असतात ते पटतं.

या भांडणाला आपल्या भागात जुना इतिहास आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तारेवर मोजमापं घेऊन श्रुतींचं, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांचं गणित मांडलं. अब्दुल करीम खाँ त्यांच्या प्रयोगांत सहभागी होते. अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर देवलांनी २२ श्रुतींची हार्मोनियमही घडवून घेतली. ती पेटी रुळली नाही. पण ज्या गंधारासाठी एवढा खटाटोप झाला, तो तंबोरा रोज फुकट देतो.

मालकंसात गंधार कोमल असतो. मग हा शुद्ध गंधार अडचण करत नाही?

हा फार चांगला प्रश्न आहे, आणि याचं उत्तर एका वाक्यात येत नाही.

मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून पहिली तार मध्यमाला लावतात. त्या तारेचा तिसरा उपस्वर षड्ज येतो, ते छानच झालं. पण पाचवा येतो शुद्ध धैवत, आणि मालकंसाचा धैवत कोमल. खर्जाचा शुद्ध गंधार आहेच. म्हणजे रागात नसलेले दोन स्वर तंबोऱ्यात वाजत असतात. भौतिकशास्त्र इथे रागाला सवलत देत नाही.

मात्र ते किती पुढे यावेत हे आपल्या हातात असतं. धागा किंचित हलवला की कुठले उपस्वर ठळक होतात ते बदलतं. जवारी थोडी बंद ठेवली की वरचे उपस्वर मवाळ होतात. शिवाय हे स्वर वरच्या सप्तकात असतात आणि गायकाचा कोमल गंधार बहुतेक वेळा त्यांच्या खाली लागतो. मला वाटतं, मालकंसाच्या कोमल गंधाराला येणारं वजन काही अंशी या ओढीतूनच येतं. हे मत आहे, मोजमाप नाही.

याच्या उलट उदाहरण पूरिया-मारव्याचं. तिथे पहिली तार बरेचदा निषादाला लावतात, आणि शुद्ध निषादाचा तिसरा उपस्वर तीव्र मध्यमाशी येतो. रागाला जे हवं, तेच तारेने दिलं.

खर्जाची तार पितळेची किंवा ब्राँझची का?

सूर खाली आणायचा, तर तार जड तरी हवी किंवा सैल तरी. फार सैल तार लडबडते. पोलादाची जाड तार घेतली तर ती ताठ होते, आणि ताठ तारेचे वरचे उपस्वर नेमक्या पटीत न राहता चढे होत जातात. पितळ आणि ब्राँझ पोलादापेक्षा जड आणि साधारण निम्मे ताठ. म्हणून जाड असूनही उपस्वर पटीच्या जवळ राहतात. जोडीला पोलाद उत्तम चालतं, कारण ती तार बारीक असते.

एसी लावलेल्या सभागृहात तंबोरा सारखा का उतरतो-चढतो?

गारव्यात तार आकसते, ताण वाढतो, सूर चढतो. दिव्यांच्या उष्णतेत उलट. हिशोब केला तर खर्जाची तार जोडीपेक्षा जवळपास तिप्पट सरकते, कारण ती मुळातच सैल असते आणि थोडासा बदलही तिच्या ताणाचा मोठा हिस्सा ठरतो. म्हणून मैफलीत आधी खर्ज तपासा. पावसाळ्यात यात दमट हवेची भर पडते: लाकूड फुगतं, खुंट्या अडकतात. वाद्य निदान अर्धा तास आधी रंगमंचावर नेऊन ठेवलं, तर निम्मा त्रास वाचतो.

मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर खर्ज कसा ऐकू येतो?

तो तिथे जवळजवळ नसतोच. ६९ हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे पाच मीटर, तिला हलवणं फोनच्या आवाक्याबाहेरचं आहे. पण २, ३, ४, ५ या पटींचे उपस्वर कानात आले, की मेंदू त्यांचा समान पाया ओळखतो आणि आपल्याला खर्ज ‘ऐकू’ येतो. खऱ्या तंबोऱ्यातही काही प्रमाणात हेच चालतं. भोपळ्याच्या आकाराच्या मानाने ती लहर खूप लांब आहे, म्हणून मूळ खर्ज हवेत क्षीणच पडतो. त्याचा भरीवपणा उपस्वरांनी उभा केलेला असतो.

अ‍ॅप किंवा इलेक्ट्रॉनिक तंबोरा चालेल का?

रियाजाला चालेल. प्रवासात, लहान घरात, एकट्याने बसताना त्याचा मोठा आधार आहे. चांगली अ‍ॅप्स खऱ्या तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण वापरतात. पण मुद्रण तेच ते फिरतं. खऱ्या तंबोऱ्यात आधीची तार गुंजत असताना पुढची छेडली जाते, त्यांची थरथर एकाच घोडीतून एकमेकींत जाते आणि कुठलंही आवर्तन आधीच्यासारखं नसतं. शिकणाऱ्याने आठवड्यातून एकदा तरी खरा तंबोरा स्वतः लावावा. लावताना कान जेवढा तयार होतो, तेवढा अ‍ॅपवरची कळ दाबून होत नाही.

जवारी ‘गेली’ म्हणजे काय, आणि ती कुठे काढून घ्यावी?

तारा वर्षानुवर्षं एकाच जागी घासल्या की जवारीवर बारीक चर पडतात. तार चरात अडकली की तिला सरकता येत नाही, आणि धागा कुठेही नेला तरी आवाज उघडत नाही. मग कारागीर कानशीने आणि काचकागदाने पृष्ठभाग पुन्हा घडवतो. थोडं घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा उतरवायचं. हे काम घरी करू नका. एकदा जास्त घासलं गेलं की ते परत भरता येत नाही.

महाराष्ट्रात यासाठी पहिलं नाव मिरजेचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे तंतुवाद्यं घडतात. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातून हे कारागीर पुढे आले, आणि पंढरपूरच्या परिसरातले मोठे भोपळे त्यांना जवळच मिळाले. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पूर्वी जवारीसाठी सांबरशिंग आणि हस्तिदंत वापरत. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते बंद झालं आणि आता हाड, आबनूस किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात.

धागा कोणता घ्यावा?

साधा शिवणाचा सुती धागा, न चमकणारा. रेशमीही चालतो. नायलॉन घसरतो, जागेवर बसत नाही. जाडीसाठी दोन-तीन प्रकार जवळ ठेवा: खर्जाला जरा जाड, जोडीला बारीक. काही आठवड्यांत तो दबून चपटा होतो. तंबोरा सुरात असूनही बोलत नसेल, तर जवारीला दोष देण्याआधी धागा बदलून बघा.